एका फाळाचा हिशेब

आमच्या गोठ्याशेजारच्या छपरात पंचवीस अश्वशक्तीचा एक एच.एम.टी. ट्रॅक्टर उभा असतो. पिंजोरच्या कारखान्यात चेकोस्लोव्हाकियाच्या साहाय्याने 1971 पासून हे ट्रॅक्टर तयार होऊ लागले. 2016 साली तो कारखाना बंद करायचे ठरले. आजोबांनी आमचा ट्रॅक्टर जुनाच घेतला होता. म्हणजे घरात आला तोच म्हातारा होऊन!

गेल्या चैत्रात दादाने उसनवारी करून दोन फाळांचा पलटी नांगर आणला. माळाच्या हलक्या रानात म्हातारा तो हसतखेळत ओढू लागला. दादाची कॉलर ताठ झाली. पण नदीकाठच्या काळ्या रानात नांगर रुतला, मागची चाके जागच्या जागी गरगरली, आणि संध्याकाळपर्यंत एक पट्टाही पुरा झाला नाही. जेवताना दादा म्हणाला, "तात्या, भंगारात घालू या याला. आलेल्या पैशात उसने तरी फिटतील." तात्या काही बोलले नाहीत. आजोबा ताटावरून उठले.

मी कला शाखेचा विद्यार्थी. गणिताशी माझे नाते मॅट्रिकलाच संपले. पण शेतकी शिकणाऱ्या मावसभावाच्या पुस्तकात ओढीचा हिशेब सापडला. एक फाळ तीस सेंटिमीटर रुंद आणि वीस सेंटिमीटर खोल चालला, तर सहाशे चौरस सेंटिमीटर माती कापतो. हलकी जमीन दर चौरस सेंटिमीटरला साधारण 0.3 किलो ओढ मागते, भारी जमीन 0.7. म्हणजे माळावर एका फाळाला 180 किलो आणि काळ्या रानात 420. दोन फाळांचे झाले 840! इंजिनाच्या पोटात जोर होता हो, पण पायांत नव्हता. चाकांची पकडच तेवढी नव्हती.

हे मी आजोबांना वाचून दाखवले. ते म्हणाले, "मग एक फाळ काढा. यात पुस्तक कशाला लागतं?"

मागचा फाळ काढला. तरी ट्रॅक्टरचे तोंड सारखे उजवीकडे, नांगरलेल्या बाजूला वळू लागले. उरलेला फाळ उजव्या अंगाला, त्यामुळे ओढही तिकडे गेलेली. मिस्त्रींनी मागची चाके आत घेतली, तेव्हा कुठे तास सरळ पडू लागले. हाताएवढी काळी ढेकळे उलटत गेली. आजोबा बांधावर बसून होते. किर्लोस्करांचा लोखंडी नांगर नवा निघाला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते असे लोक म्हणत, ही गोष्ट त्यांनी त्या दिवशी मला तिसऱ्यांदा सांगितली.

काम मात्र दुप्पट वेळाने झाले. डिझेल किती गेले, ते दादा अजून ऐकवतो. आणि माळाच्या वरच्या अंगाला, जिथे दगडगोटे आहेत, तिथे फाळाचे टोकच मोडले. तिथे तव्यांचा नांगर हवा. तवा दगडावरून फिरत निघून जातो. पण तो जमिनीत शिरतो स्वतःच्या वजनाने, आणि तेवढे वजन उचलणे म्हाताऱ्याला झेपेल की नाही, यावर घरात सध्या दोन तट आहेत.

काढलेला फाळ छपरात भिंतीला टेकवून ठेवला आहे. दादाने त्याला ग्रीस लावून वर पोते घातले आहे.