सिंगल पीक, पण कोणाचं?

चाकणच्या लॅबमध्ये माझं रोजचं काम पेप्टाइड वेगळं काढून त्याची ओळख पटवण्याचं. आमच्या पट्ट्यात हे कौशल्य नवं नाही. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सनं 1955 मध्येच बुरशीच्या रसातून पेनिसिलिन काढायला सुरुवात केली होती. मिश्रणातले रेणू वेगळे करणाऱ्या एचपीएलसी यंत्राच्या स्क्रीनवर एकच सुबक पीक उभं राहिलं की नवी पोरं खूश होतात: "सर, सिंगल पीक!" मी विचारतो, "बरं, पण कोणाचं?"

त्यांना मी हृदयाच्या हार्मोनची गोष्ट सांगतो. 1981 साली कॅनडात आडोल्फो द बोल्ड यांनी उंदराच्या कर्णिकेचा, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्याचा, अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला, तर लघवी आणि तिच्यातलं मीठ झपाट्यानं वाढलं. परिणाम दिसला, पण तो करणारा रेणू कोण ते कळायचं होतं. 1984 मध्ये जपानच्या मियाझाकीत कांगावा आणि मात्सुओ यांनी माणसाच्या कर्णिकेतून तो वेगळा काढला.

अशा कामात पहिली चाल उकळण्याची. ऊतक कापलं की त्यातलेच एन्झाइम पेप्टाइडचे तुकडे पाडू लागतात. उष्णता आणि ॲसेटिक ॲसिड त्यांना थांबवतात. मग कॉलममागून कॉलम. कॉलममधून निघालेलं प्रत्येक फ्रॅक्शन कोंबडीच्या पिल्लाच्या गुदाशयाच्या पट्टीवर टाकायचं. पट्टी सैल पडली, तर हवा तो रेणू त्यात आहे. शेवटी 28 अमिनो आम्लांची साखळी हाती आली. सातव्या आणि तेविसाव्या जागेच्या सिस्टीनमध्ये गंधकाचा पूल, म्हणजे मधे एक कडं.

बाराव्या जागी माणसात मेथिओनिन, उंदरात आयसोल्युसिन. बाकी साखळी तीच. मेथिओनिन मोठं खोडकर. हवेतला ऑक्सिजन लागला की मुख्य पीकच्या जरा आधी एक छोटं पीक उगवतं आणि मास स्पेक्ट्रोमीटरवर वजन 16 नं जास्त येतं. पीकची वेळ, वजन, क्रम आणि कडं, सगळं जुळल्याशिवाय मी नाव लिहीत नाही.

हा काटेकोरपणा तुमच्याही कामाचा आहे. हृदय थकलं की बीएनपी हे त्याच घराण्यातलं हार्मोन रक्तात वाढतं. बीएनपी आणि एनटी-प्रोबीएनपी हे एकाच साखळीचे दोन तुकडे, पण त्यांचे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत. शिवाय सॅक्युबिट्रिल असलेली गोळी बीएनपी तोडणाऱ्या एन्झाइमला अडवते. त्यामुळे हृदय सुधारत असतानाही बीएनपी चढलेलं दिसू शकतं. एनटी-प्रोबीएनपीला हा एन्झाइम तोडत नाही. म्हणून घरातल्या कोणाचा रिपोर्ट आला, तर आकड्याआधी चाचणीचं नाव वाचा, आणि पुढच्या वेळी तीच चाचणी करा.