शेजारच्या खुर्चीतला माणूस

मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रॅम यांच्या प्रयोगावरची जुनी कृष्णधवल फिल्म पाहिली की त्यातला एक माणूस डोक्यात घर करून बसतो. मध्यमवयीन, अंगात कोट, समोर बटणांचं यंत्र. भिंतीपलीकडून ओरडणं ऐकू येतं तसा तो खुर्चीत मागे वळतो, देखरेख करणाऱ्याशी हुज्जत घालतो, आत जाऊन एकदा बघा तरी म्हणून विनवतो. शेवटी विचारतो, त्या माणसाचं काही बरंवाईट झालं तर जबाबदार कोण? राखाडी कोटातला तो देखरेख करणारा शांतपणे सांगतो की मी. आणि हा पुन्हा यंत्राकडे वळून पुढचे शब्द वाचायला घेतो. त्याला दुष्ट म्हणायला माझी जीभ रेटत नाही. दुष्ट माणूस इतका तळमळत नाही.

१९६१ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठात हे प्रयोग सुरू झाले. त्याच वर्षी जेरुसलेममध्ये नाझी अधिकारी आइकमनवर ज्यूंच्या संहाराबद्दल खटला चालू होता आणि आपण फक्त हुकूम पाळले हा त्याचा बचाव जग ऐकत होतं. मिलग्रॅम स्वतः ज्यू. त्यांच्यासाठी हा प्रश्न पुस्तकी नव्हता. जाहिरात वाचून आलेल्या साध्या माणसांना चार डॉलर आणि पन्नास सेंट प्रवासखर्च मिळे. शिक्षेने स्मरणशक्ती सुधारते का हे तपासायचंय, असं त्यांना सांगितलं जाई. भिंतीपलीकडचा ‘विद्यार्थी’ शब्द आठवताना चुकला की विजेचा झटका द्यायचा. १५ व्होल्टपासून ४५० पर्यंत, ओळीने ३० बटणं. झटके खोटे होते, विद्यार्थीही सामील होता. पहिल्या अहवालातल्या ४० जणांपैकी २६ जण शेवटच्या बटणापर्यंत गेले.

का गेले? मिलग्रॅम म्हणतात, हुकूम मानताना माणूस स्वतःला दुसऱ्याच्या इच्छेचं साधन समजू लागतो आणि जबाबदारी वरच्याच्या अंगावर ढकलतो. फिल्ममधल्या त्या माणसाचा प्रश्न ऐकला की हे पटतं, पण पुरत नाही. मला त्याहून भयंकर वाटते ती बटणांची रचना. एका बटणापासून दुसरं फक्त १५ व्होल्टवर. १५० दिले, तर १६५ ला नाही म्हणायचं कोणत्या तोंडाने? १६५ चूक असेल तर १५० सुद्धा चूक ठरतं, आणि ते तर मघाशी आपणच दिलेलं. थांबणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणं. आल्याआल्या ४५० चं बटण दाबायला सांगितलं असतं तर बहुतेकांनी खुर्ची मागे सारली असती, असं मला वाटतं.

कचरणाऱ्याला पुढे रेटण्यासाठी चार वाक्यं ठरलेली होती. साध्या विनंतीपासून ‘तुम्हाला दुसरा पर्यायच नाही’ इथपर्यंत. जेरी बर्गर यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, १५० व्होल्टला थांबवलेल्या पुनर्प्रयोगात हे चौथं वाक्य ऐकल्यावर एकही जण पुढे गेला नाही. म्हणजे उघड दटावणीला माणूस उसळून नकार देतो. आपण एका चांगल्या, मोठ्या कामाला हातभार लावतोय अशी समजूत घातली की मात्र चालत राहतो. हॅस्लम आणि रायकर या मानसशास्त्रज्ञांचा रोखही इकडेच आहे. मिलग्रॅम यांच्या प्रयोगांवर आक्षेपही आहेत. प्रयोगांच्या जुन्या ध्वनिफिती ऐकून लेखिका जिना पेरी यांनी दाखवलं की देखरेख करणारा ठरलेल्या चार वाक्यांवर थांबत नसे. आकड्यांना वेदवाक्य मानू नये, हे खरंच.

तरी दोन आकडे मला सोडत नाहीत. प्रयोगाच्या एका वेगळ्या फेरीत बटण दुसराच कुणी दाबत होता. आलेल्या माणसाकडे फक्त बाजूचं, किरकोळ काम. ४० पैकी ३७ जण शेवटपर्यंत बसून राहिले. आपली बहुतेक कार्यालयं या फेरीत चालतात. ‘वरून आदेश आहे’, ‘मी फक्त फाइल पुढे पाठवली’, ‘साहेबांची सही झाली होती’. दुसऱ्या फेरीत शेजारी बसलेले दोघे, जे खरं तर मिलग्रॅम यांचेच होते, मध्येच उठले आणि पुढे काम करायला नकार देऊन बाजूला झाले. तेव्हा ४० पैकी फक्त चार जण शेवटपर्यंत गेले. प्रयोगशाळा तीच, हुकूमही तेच.

एकाच्या नकाराने दुसऱ्याला बळ मिळतं, हे एका बैठकीत मी जवळून पाहिलंय. न झालेलं काम झालं म्हणून दाखवायचं होतं आणि कागद सहीसाठी टेबलावरून फिरत होता. हिशेब पाहणाऱ्या बाईंनी तो हातात घेतला, वाचला, पेनाचं टोपण पुन्हा लावलं. म्हणाल्या, “साहेब, पावत्या बघितल्याशिवाय माझी सही होणार नाही.” कुणी बोलेना. मग पलीकडून कुणीतरी म्हणालं, “माझीही राहू द्या.” त्यानंतर तो कागद पुढे सरकलाच नाही.

फौजेतही असं घडलंय. २३ एप्रिल १९३० रोजी पेशावरात निःशस्त्र पठाणांवर गोळी झाडायचा हुकूम ब्रिटिश फौजेतले हवालदार चंद्रसिंग गढवाली यांनी नाकारला, आणि त्यांच्याबरोबर तुकडीतल्या शिपायांनी बंदुका खाली केल्या. पुढे कोर्ट मार्शल झालं, गढवालींना जन्मठेप झाली. हुकूम मोडण्याची किंमत काय असते हे त्या शिपायांना चांगलं ठाऊक होतं. तरी त्यांनी आपल्या हवालदाराला एकटं पडू दिलं नाही.

पहिला नकार देण्याचं बळ प्रत्येकात नसेल. पण तुमच्या बैठकीत कुणी नाही म्हणालं आणि ते तुम्हाला पटलं, तर तिथेच, सगळ्यांसमोर बोला. नंतर चहाच्या टपरीवर गाठून ‘तुम्ही अगदी बरोबर बोललात’ असं सांगू नका. तोवर कागदावर सह्या होऊन गेलेल्या असतात.