परवडतं का?

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. विषय तसा जुनाच, पण आमच्या घरात सध्या रोज निघतो आहे, म्हणून म्हटलं एकदा सविस्तर लिहावं. शिवाय आमच्या नातलगांपैकी बरेच जण हे वाचतात. प्रत्येकाला फोनवर वेगळं उत्तर देण्यापेक्षा हे बरं!

आमची शेती मंगळवेढ्याकडची, काळ्या रानाची. माझ्या वाटणीचे चार एकर आणि धाकट्या दिरांचे चार, पण कसतात सगळं तेच. मी २००८ साली शाळेतून निवृत्त झाले आणि गावी राहायला आले, तेव्हापासून त्यांच्या हाताखाली शिकाऊ उमेदवार आहे. आमच्याकडून महामार्ग गेल्यापासून जमिनीला गिऱ्हाईक यायला लागलं आहे. पुण्याचा पुतण्या परवा म्हणाला, "काकू, तुम्ही आणि बाबा एकदा कागदावर हिशेब मांडा. परवडतं का हे?"

मांडला. माझ्या चार एकरांत बऱ्या साली अठरा क्विंटल ज्वारी होते. २०२५-२६ साठी मालदांडीचा हमीभाव क्विंटलला ३,७४९ रुपये जाहीर झाला. त्या दराने सदुसष्ट हजार चारशे ब्याऐंशी रुपये झाले. नांगरट, कुळवणी, पेरणी, बियाणं, कोळपणी, उपटणीची मजुरी, मळणीचं मशीन, हे सगळं चाळीस हजारांच्या पुढे जातं. कडबा जनावरांना लागतो, तो विकत नाही. उरले सव्वीस-सत्तावीस हजार. त्यातही आमच्या दोघांच्या राबण्याची मजुरी धरलेली नाही. माझं एका महिन्याचं निवृत्तिवेतन याहून जास्त आहे. तेव्हा पुतण्याचा प्रश्न वावगा नाही, हे आधीच सांगून टाकते.

पण कागदावर न येणाऱ्या काही गोष्टी आहेत, त्याही सांगायला हव्यात.

पहिली म्हणजे हे पीकच मोठं विलक्षण आहे. उत्तरा-हस्ताच्या सुमारास, म्हणजे सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत पेरायचं आणि पाऊस निघून गेल्यावर वाढवायचं. काळ्या मातीनं पावसाळाभर पोटात साठवलेली ओल, वरून थंडी आणि दव, एवढ्यावर ते उभं राहतं. ओल कमी झाली की रानाला भेगा पडतात. मग दात्याचं कोळपं फिरवून त्या बुजवायच्या, म्हणजे खालची ओल उडून जात नाही. एवढं साधं काम, पण ते वेळेवर झालं की पीक तगतं. मालदांडीचं एम ३५-१ हे वाण आमच्या शेजारच्या मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेलं. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. मी शाळेत पस्तीस वर्षं मराठी शिकवलं. पोरांच्या डोक्यात काय रुजलं ते मला कधी वीस वर्षांनी कळलं, कधी कळलंच नाही. इथं चार महिन्यांत समोर दिसतं. कोळपणी चुकवली तर ज्वारी ते सांगते, आणि तिच्यापुढे कुठलीही सबब चालत नाही!

दुसरी गोष्ट घरच्या धान्याची. १९७२ च्या दुष्काळात मी कॉलेजात होते. रेशनच्या रांगेत उभं राहून आणलेला तो लाल मिलो आणि त्याच्या भाकरी माझ्या वयाच्या कुणालाही विचारा. त्यामुळे घरात चार पोती ज्वारी असणं याची किंमत माझ्या लेखी बाजारभावाएवढी नाही. ती वेगळीच आहे.

आणि तिसरी गोष्ट देण्याची. दुष्काळात बादशाही कोठारं लोकांना मोकळी करून देणाऱ्या दामाजीपंतांचं हे गाव. ती कथा ऐकतच इथली पोरं मोठी होतात. पौषात कणसं दुधातून बाहेर पडून हुरड्याला आली की रानात आगटी पेटते. येईल त्याला हुरडा, लसणाची चटणी, गूळ. पाखरांचा वाटा तर कुणी मोजतच नाही, गोफण हातात असली तरी! पगारातून मी पुष्कळांना पैसे दिले असतील. पण आपल्या रानातलं कणीस भाजून, हातावर चोळून, गरम दाणे समोरच्याच्या ओंजळीत घालण्याचं सुख मला पगारानं दिलं नाही.

हे सगळं एकदा मी मोठ्या उमाळ्यानं भाऊजींना सांगत होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वहिनी, तुम्हाला शेत दिसतंय. मला सोसायटीचा हप्ता दिसतोय."

या एका वाक्यावर मी पुष्कळ दिवस विचार केला आहे. शेतीच्या आनंदावर लिहिणारे आम्ही बहुतेक जण पेन्शनवाले, नोकरदार, नाहीतर बाहेरून पैसा येणारे. आमचं पीक गेलं तर आम्ही हळहळतो. त्यांचं गेलं तर घरातलं काहीतरी विकावं लागतं. २०१८ साली पाऊस दगा देऊन गेला, पेरलेलं उगवून जळालं. पुढच्या उन्हाळ्यात तालुक्यात चारा छावण्या लागल्या. भाऊजींनी बैलजोडी विकली. त्या दिवशी त्यांना मातीच्या सुगंधाविषयी सांगायची माझी काय टाप होती? जोतीरावांनी 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ साली लिहिला, त्यात शेतकऱ्याच्या कर्जाचा, लुबाडणुकीचा रोखठोक जमाखर्च आहे. तो मांडल्याशिवाय शेतीचं कौतुक करणं हे अर्धंच बोलणं आहे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की शेतीतलं समाधान खरं आहे, पण ते भावाच्या ऐवजी द्यायची वस्तू नव्हे. शिक्षकाला शिकवण्यात आनंद मिळतो, म्हणून त्याचा पगार कापा असं कुणी म्हणत नाही. मग शेतकऱ्यालाच 'तू काय, राजा माणूस!' असं म्हणून वाटेला का लावायचं?

आता तुम्ही विचाराल, मग भाऊजी शेती सोडत का नाहीत? मीही विचारलं होतं. बैल विकल्यानंतरच्या जून महिन्यातच. आभाळात ढग नव्हता, आणि हा माणूस भाड्याच्या ट्रॅक्टरनं रान तयार करून, बांध नीट करून बसला होता. म्हणाले, "रान तयार नसताना पाऊस आला तर?" बस्स, एवढंच! त्यात दुःख नव्हतं आणि मोठेपणाही नव्हता. सकाळी उठून आज काय करायचं हे त्यांचं त्यांनी ठरवलेलं असतं, आणि ते का करायचं हेही त्यांना ठाऊक असतं. मुलाच्या पुण्याच्या नोकरीत पैसा आहे, पण एवढं तो स्वतःसुद्धा म्हणू शकत नाही, असं तोच मला एकदा बोलला होता.

तर मंडळी, भाऊजी कसतायत तोवर माझे चार एकर विकायचे नाहीत, असं मी ठरवलं आहे. उपटणीच्या मजुरीचा खर्च यापुढे माझ्या पेन्शनमधून होईल, म्हणजे तेवढ्यासाठी त्यांना उसनवारी करावी लागणार नाही. त्यांच्यानंतर काय, ते पुतण्यानं ठरवावं. तो जे ठरवील त्याला मी नावं ठेवणार नाही.

आणि हो, पौषात हुरड्याला सगळे जरूर या. पोटभर खा. तो विकत नाही. मात्र जाताना वर्षाची ज्वारी न्याल, ती भाऊजी सांगतील त्या भावानं न्या. घासाघीस करू नका.