चाकांवरचे बिऱ्हाड

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे आपण म्हणतो, तेव्हा त्या म्हणण्यात थोडी कीव असते आणि थोडा उपहासही असतो. ज्याला स्वतःचा उंबरठा नाही, अंगण नाही, अंगणात तुळस नाही, त्याचे कसले आले आहे घर! माणसाने एका जागी पाया खणावा, भिंती उभाराव्यात आणि त्या भिंतींच्या आत म्हातारे व्हावे, ही आपली घराची कल्पना. माझ्या लहानपणी गावाबाहेर घिसाडी उतरत, धनगरांचे वाडे पडत, उसाच्या हंगामात तोडणीवाल्यांच्या बैलगाड्या सगळा संसार घेऊन कारखान्याकडे जात. ही माणसे पोटासाठी हिंडतात, हे आम्हांला ठाऊक होते. परंतु पोटाची चिंता नसताना, चांगले चार खोल्यांचे घर असताना, एखादा मनुष्य आपण होऊन चाकांवर राहावयास निघेल, असे मला कधी वाटले नव्हते. 2023 सालच्या हिवाळ्यात माझ्या थोरल्या बंधूंनी नेमके तेच आरंभिले, आणि ते जवळून पाहण्याचा योग मला आला.

दादा अमेरिकेत, टेक्सास राज्यातील ह्यूस्टन शहरी, पस्तीस वर्षे यंत्रशाळेत नोकरी करून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर वहिनींना घेऊन तो सारा खंड पाहावा, अलास्कापर्यंत जावे, असा दोघांचा बेत होता. पण निवृत्तीला वर्ष उरले असताना वहिनी गेल्या. बेताचे नकाशे तसेच भिंतीवर राहिले. पुढे दोन वर्षांनी दादांनी मला पत्र पाठविले. त्यात एवढेच होते : "लष्कराचा एक जुना ट्रक घेतला आहे. त्याचे घर करावयाचे आहे. पाणसळ धरावयास एक माणूस हवा. ये."

मी गेलो. आवारात तो ट्रक उभा होता. रंग मळकट हिरवा, चाके माझ्या छातीला लागतील एवढी उंच, आणि चढावयाला शिडीसारख्या पायऱ्या. अमेरिकन लष्करात त्याला एम-1078 म्हणतात. पूर्वी, 1950 च्या सुमारापासून, हेच काम एम-35 नावाचे ट्रक करीत. त्यांची जागा घेण्यासाठी 1990 च्या दशकात हे नवे ट्रक तयार होऊ लागले. त्यांचा आराखडा मुळात ऑस्ट्रियातील स्टायर कारखान्याच्या लष्करी ट्रकवरून घेतलेला. पण ते बांधले गेले ते ह्यूस्टनपासून तासाभराच्या वाटेवर असलेल्या सीली या गावी. चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळतो, आणि चालकाला बसल्या जागेवरून चाकांतील हवा कमीजास्त करता येते. वाळूत हवा कमी करावी, म्हणजे चाक पसरते आणि रुतत नाही. लष्कराला नको झालेले असे ट्रक लिलावात निघतात, आणि बोली लावील त्याला ते आहे त्या स्थितीत मिळतात.

मला वाटले होते, मागच्या हौद्यावर एक खोली ठेवली, चार कोपऱ्यांना चार बोल्ट आवळले, की घर झाले. तसे मी बोललोही. दादा हसले व मला ट्रकखाली घेऊन गेले. ट्रकचा सांगाडा म्हणजे दोन लांब पोलादी तुळया. खडबडीत वाटेवर एक चाक दगडावर चढले व दुसरे खड्ड्यात गेले, की या तुळया पिळल्या जातात. हा त्यांचा दोष नव्हे. त्या पिळवटतात म्हणूनच चारही चाके जमिनीला धरून राहतात. परंतु त्यांच्यावर घर चारही कोपऱ्यांनी जखडून टाकले, तर सांगाड्याबरोबर घरही पिळवटेल. मग दारे अडकतील, खिडक्यांच्या काचा तडकतील आणि एक दिवस भिंतींचे सांधे उकलतील.

"तिपाई पाहिली आहेस ना?" दादांनी विचारले. "चार पायांची चौरंगी खडबडीत जमिनीवर डुगडुगते. तिपाई कुठेही ठेव, ती डुगडुगत नाही. आपले घर आपण तिपाईवर बसवायचे."

त्याप्रमाणे त्यांनी हौदा काढून टाकला व एक वेगळी पोलादी चौकट तयार केली. ती मागच्या बाजूला दोन ठिकाणी सांगाड्याला जोडली. पुढे मात्र मधोमध एकच जाड खुंटी, आणि तीही फिरती. घर या चौकटीवर बसले. खाली ट्रक हवा तसा पिळवटो, वर घर आपल्या जागी शांत.

ते खरोखर शांत राहील काय, यावर एका व्यक्तीचा मुळीच विश्वास नव्हता. ती म्हणजे दादांची मुलगी. सत्तरीकडे झुकलेल्या वडिलांनी एकट्याने असल्या वाहनात राहावे, हे तिला रुचले नव्हते. ती आली की तोंडाने काही बोलत नसे. पण वहिनींच्या खोलीत बराच वेळ बसून राही. एका रविवारी दादांनी तिला आतल्या ओट्यापाशी उभे केले, तिच्या समोर काठोकाठ भरलेले पाण्याचे वाडगे ठेवले आणि ट्रकचे पुढचे एक चाक हातभर उंचीच्या लाकडी ठोकळ्यांवर चढविले. मी खाली वाकून पाहत होतो. सांगाडा पिळला, पुढे एका अंगाला तो व घराची चौकट यांच्यामध्ये चांगली फट पडली. वर घर किंचित कलले, थोडे पाणी सांडले. पण दार एका बोटाने उघडले आणि एका बोटाने मिटले. मुलगी पायऱ्या उतरून खाली आली, ती फट तिने हाताने चाचपून पाहिली आणि म्हणाली, "बाबा, रात्री शेगडी चालू असताना विषारी वायू साठला तर कळेल कसे?" तिचा विरोध मावळला होता, आता ती प्रश्न विचारू लागली होती. कार्बन मोनॉक्साइड डोळ्यांना दिसत नाही व नाकालाही कळत नाही. म्हणून त्याची सूचना देणारी गजराची दोन यंत्रे तिने स्वतः आणून उशापाशी व दारापाशी बसविली.

पुढचे काम भिंतींचे. बंद खोलीत झोपलेला मनुष्य रात्रभरात श्वासावाटे व अंगावाटे पेलाभर पाणी हवेत सोडतो. थंडीच्या दिवसांत ते पाणी गार पत्र्यावर थेंब होऊन जमते आणि हळूहळू लाकूड कुजविते. म्हणून भिंतींत जाड फेस भरला, आणि बाहेरून आतपर्यंत सलग जाणारा एकही धातूचा तुकडा राहू दिला नाही. कारण त्याच वाटेने थंडी आत येते.

सर्वांत कठीण ठरला तो वजनाचा हिशेब. हा ट्रक 5,000 पौंडांचा, म्हणजे सुमारे 2,268 किलोंचा भार वाहण्यासाठी बांधलेला. काढलेल्या हौद्यामुळे जे वजन वाचले, ते नव्या चौकटीने खाल्ले. घराच्या भिंती व छप्पर मिळून 1,100 किलो, पाणी 300 लिटर म्हणजे 300 किलो, लाकूडकाम व शेगडी 300, विजेच्या बॅटऱ्या व छपरावरचे सौरपट्टे 150, हत्यारे व सुटे भाग 200. उरले 218 किलो. त्यात खुद्द दादा, त्यांचे अन्न, अंथरूण आणि पस्तीस वर्षांचा संसार!

दादांनी ओसरीवर वजनकाटा मांडला. प्रत्येक वस्तू काट्यावर चढू लागली, वहीत तिचा आकडा पडू लागला. बारा माणसांचे जेवणाचे टेबल न तोलताच बाद झाले. मानपत्रे, ढाली, पुस्तकांच्या पेट्या मुलीकडे गेल्या. चार ताटांपैकी दोन राहिली. मग फडताळाच्या तळातून पाटा-वरवंटा निघाला. वहिनींनी तो लग्नानंतर सातारहून नेलेला. आईने पाथरवटाकडून मुद्दाम टाकी लावून दिलेला. काट्याने 19 किलो दाखविले. दादांनी आकडा लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला. मी म्हणालो, "दादा, एवढ्या वजनात एक बॅटरी येईल." ते म्हणाले, "येईल खरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो पाटा काट्यावर नव्हता. जड वस्तू नेहमी खाली व दोन्ही आसांच्या मध्ये असावी, म्हणजे गाडी वळणावर तोल सोडीत नाही, हा त्या विद्येतील नियम. पाण्याच्या टाकीशेजारी, अगदी तळाशी, दादांनी पाट्यासाठी लाकडी खोबण करून त्यात तो पट्ट्याने बांधून टाकला होता. वहीत टाकीचा आकडा खोडून 281 केला होता. 19 लिटर पाणी कमी!

2024 च्या मार्चमध्ये आम्ही दोघे पहिल्या प्रवासाला निघालो. रिओ ग्रांदे नदीच्या काठी बिग बेंड नावाचे विस्तीर्ण वाळवंटी अभयारण्य आहे, तेथे पोचण्यास दोन दिवस लागले. शेवटची वाट दगडधोंड्यांची होती. खाली सांगाडा कुरकुरत होता; वर ताटे जागच्या जागी होती. संध्याकाळी दादांनी पाटा बाहेर काढून वाळूवर मांडला आणि लसणाची चटणी वाटली. पाणी बेतानेच वापरावे लागले, पण त्याची तक्रार कोणी केली नाही.

पाया खणून बांधलेल्या घरात आपण काय काय साठविले आहे, हे आपल्याला कोणी विचारीत नाही. म्हणून आपणही स्वतःला विचारीत नाही. चाकांवरचे घर मात्र प्रत्येक वस्तूला तिचे वजन विचारते, आणि ते देऊनही जी सोबत न्यावीशी वाटते, तिलाच आत घेते. सैनिकांचा माल वाहण्यासाठी जन्मलेल्या त्या ट्रकवर आता एका माणसाचा संसार आहे. तो थोडा आहे. पण त्यातील एकही वस्तू उगाच आलेली नाही.