कावेलची सुंदरी आणि आपलं संगीत नाटक

गिरगाव, मुंबई

चि. निखिल,


तुझं टिपण मन लावून वाचलं. विस्मरणात गेलेल्या संगीत नाटकांवर तुझ्या वयाचं कुणी लिहितंय, याचाच मला मोठा आनंद झाला. सोकर बापूजी त्रिलोकेकरांच्या 'नलदमयंती'ला तू जागा दिलीस हे फार बरं केलंस. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'च्या आधी, १८७९ साली आलेलं ते नाटक कुणाच्या ध्यानातही नसतं. अण्णासाहेबांचं 'रामराज्यवियोग' अपुरं कसं राहिलं, १८८४ साली त्याचे तीनच अंक रंगभूमीवर कसे आले आणि पुढच्याच वर्षी अण्णासाहेब कसे गेले, तेही नेमकं उतरलंय. तिथून तू थेट १८९६च्या 'वीरतनय'वर जातोस, आणि मधली एक तारीख राहून जाते. तेवढ्यासाठीच हे पत्र.

१७ एप्रिल १८९२. ईस्टरचा रविवार. मुंबईत न्यू आल्फ्रेड थिएटरात 'इटालियन भुरगो' नावाचं नाटक झालं. भुरगो म्हणजे पोर. नाटक कोंकणीतलं, गाण्यांनी भरलेलं, आणि करणारे सगळे पोटापाण्यासाठी मुंबईत आलेले गोंयकार. कोंकणी तियात्राचा हा पहिला प्रयोग. एक अख्खी संगीत रंगभूमी आपल्या शहरात जन्मली आणि आपल्या नाट्येतिहासात तिला दोन ओळीही धड मिळत नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

हे घडवणारा माणूस लुकाझिन रिबेरो, गोव्याच्या बार्देशातला. कामाच्या शोधात मुंबईला आला आणि इथे आलेल्या एका इटालियन ऑपेरा मंडळीचे खेळ पाहून वेडावला. इतका, की त्याने त्याच मंडळीत पडदा ओढायची नोकरी धरली आणि त्यांच्याबरोबर गावोगाव हिंडला. रोज रात्री विंगेत उभं राहून पडदा कधी उठतो, गाणं कुठे सुरू होतं, टाळी कुठे पडते, हे त्याने पाहिलं. मंडळी पुढे ब्रह्मदेशाकडे निघाली तेव्हा हा त्यांच्याकडचे थोडे जुने पोशाख विकत घेऊन मुंबईला परतला. कार्निव्हालच्या दिवसांत इथले गोंयकार जे खेळ करत, त्यातला आचकटविचकटपणा त्याला खुपत होता. आपल्याही लोकांना नीटनेटकं, सभ्य नाटक मिळावं, ही त्याची तळमळ. मग जुवांव आगुस्तिन फेर्नांदिस आणि आणखी काही जण जमवून त्याने कंपनी काढली आणि 'इटालियन भुरगो' उभं केलं.

आता हे 'शाकुंतला'च्या जन्मकथेशेजारी ठेवून बघ. १८८० साली अण्णासाहेबांनी पुण्यात पारशी मंडळीचा 'इंद्रसभा' पाहिला आणि असं आपल्या भाषेत का होऊ नये, या ईर्ष्येने ते कामाला लागले, हे आपण शाळेपासून ऐकत आलो. रिबेरोची ईर्ष्या तीच. बारा वर्षांच्या अंतराने दोन माणसं परक्या मंडळीचा खेळ बघतात आणि आपापल्या लोकांसाठी नवं नाट्य घडवतात. पहिल्याचं आपण दरवर्षी स्मरण करतो. दुसऱ्याचं नाव गिरगावातल्या किती नाटकवेड्यांना ठाऊक आहे?

गिरगाव मुद्दाम म्हणते. धोबीतलाव, कावेल, चिराबाजार हा सगळा या रंगभूमीचा मुलूख. गावागावांचे कूड, म्हणजे गोंयकारांची राहण्याची क्लबं, इथेच होती. जेर महालात तर कितीतरी. बोटीवर चढायची वाट बघणारे तारवटी, स्वैपाकी, वाजंत्री यांचं घर ते. तियात्राचा पहिला प्रेक्षक हाच. फेर्नांदिसचं १८९५चं तियात्र आहे 'सुंदरी कावेलची'. आपल्या घरापासून चालत जावं अशा गल्लीतली नायिका! आपण तिकडे फुलं नि मासळी आणायला जातो, आणि ही सुंदरी आपल्याला माहीत नाही.

हे जुवांव आगुस्तिन मूळचे मडगावच्या बोर्ड्याचे. 'तियात्राचा बाप' म्हणतात ते त्यांनाच, आणि ते रास्त आहे. रिबेरोने दार उघडलं. त्यात स्वतःच्या मातीतला विषय आणला तो यांनी. १९०४ सालचं त्यांचं 'भाटकार' बघ. भाटकार म्हणजे जमीनदार, आणि त्याच्या भाटात राहणारा, त्याच्या मर्जीवर जगणारा तो मुंडकार. या दोघांमधला जुलूम त्यांनी मंचावर आणला. आपल्याकडे त्या सुमारास संगीत नाटकातून राजे, ऋषी आणि देवादिक गात होते. 'शारदे'सारखा अपवाद थोडा. मुंडकाराचं दुःख गाण्यासकट तिकीट लावून दाखवणं ही हिंमत मला फार मोठी वाटते.

त्याच 'भाटकारा'त फेर्नांदिसांची पत्नी रेजिना स्त्रीभूमिकेत उभी राहिली. साल पुन्हा वाच: १९०४. बालगंधर्व किर्लोस्कर मंडळीत दाखल झाले ते त्याच्या पुढच्या वर्षी. बालगंधर्वांवर माझा जीव आहे, तुला ठाऊकच आहे, पण घरंदाज बाई नवऱ्याबरोबर, नाव न लपवता मंचावर येते, याचं मोल त्याने कमी होत नाही. आपल्याकडे बायकांना स्त्रीभूमिका देणारी 'नाट्यमन्वंतर' संस्था 'आंधळ्यांची शाळा' घेऊन यायला १९३३ उजाडलं. त्यात गायलेल्या ज्योत्स्नाबाई भोळे गोव्याच्याच. मास्टर दीनानाथ गोव्याचे, अभिषेकीबुवा गोव्याचे. तिथल्या गळ्यांवर आपलं संगीत नाटक पोसलं गेलं, आणि तिथलीच दुसरी रंगभूमी मात्र आपण नजरेआड केली.

तियात्राबद्दल नाक मुरडणारे म्हणतात, गाण्यांचा कथेशी संबंध नसतो. कथेतली गाणी असतात, त्यांना 'कांत' म्हणतात. पण तियात्राचा प्राण म्हणजे दोन पोरद्यांच्या, म्हणजे प्रवेशांच्या, मधली कांतारां. पडदा पडतो आणि पडद्यापुढे सूट घातलेला गायक येतो. खाली बँड: ट्रम्पेट, सॅक्सोफोन, बास, ड्रम. ट्रम्पेटचा तुकडा झाला की गायक पहिलं कडवं शांतपणे सांगतो, ऐकणाऱ्याला वाटतं घरगुती काहीतरी आहे. दुसऱ्यात गाव येतं. शेवटच्या कडव्यात विषयावर थेट बोट: जमिनीचा सौदा, भ्रष्टाचार, पक्ष बदललेला आमदार. शिट्ट्या पडतात, बँड सुरुवातीचा तुकडा पुन्हा धरतो, आणि गायक बरेचदा आणखी एक कडवं घेऊन परततो. आपल्या वन्समोअरला तेच पद पुन्हा मिळायचं. कथा थांबवून गाण्यात रमणं हा दोष असेल, तर 'स्वयंवरा'च्या रात्री पहाटेपर्यंत रंगत, तेव्हा कथा कुठे चालली होती?

आपण दूर राहिलो याची कारणं मला दोन दिसतात. तियात्र रोमी लिपीत लिहिलं गेलं, तिथे आपले अभ्यासक पोचले नाहीत. आणि १९६७च्या गोव्यातल्या जनमत कौलात कितीतरी तियात्र गायक महाराष्ट्रातल्या विलीनीकरणाच्या विरोधात गायले. तो त्यांचा हक्क होता. त्या काळच्या कटुतेपायी नाट्येतिहासाचं पान कोरं ठेवण्यात काहीच शहाणपण नाही.

आज संगीत नाटकाचा प्रयोग लावायचा तर बहुतेकदा अनुदान नाहीतर महोत्सव लागतो. तियात्र आजही तिकीटविक्रीवर चालतं. म्हणून तुझ्या टिपणात त्याला तळटीप देऊ नकोस, स्वतंत्र प्रकरण दे. आणि लिहायला बसण्याआधी मडगावला जा, रवींद्र भवनात तियात्र लागलं असेल तर तिकीट काढ आणि बँडजवळची खुर्ची माग.

तुझी,
मावशी