एका पोळीचा हिशेब

‘एक पुरणपोळी म्हणजे एक आठवडा वाया. काकू, मनावर ताबा नसेल तर पैसे कशाला घालवता?’

साठ-सत्तर बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, सगळ्यांना दिसेल असा हा मेसेज माझ्या मावशीला आला. दिवस गौरीजेवणाचा, वेळ दुपारी तीनची. तो ग्रुप चालवणाऱ्या सेंटरशी तिचा संबंध कधीच संपला, पण मेसेज आठवला की माझं डोकं अजून सणकतं.

मावशी सांगलीची. हायस्कूलमध्ये गणित शिकवून निवृत्त झालेली, साठी ओलांडलेली. उंची पाच फूट एक इंच, वजन अठ्ठ्याहत्तर किलो, मधुमेह सात-आठ वर्षांचा. गुडघे दुखायला लागले म्हणून शेजारणीच्या ओळखीनं तिनं वजन उतरवण्याच्या एका सेंटरमध्ये नाव घातलं. तीन महिन्यांचं पॅकेज, पैसे आगाऊ. भात बंद, पोळी-भाकरी बंद, साखर-गूळ औषधालासुद्धा नाही. दर सोमवारी सगळ्यांदेखत काट्यावर उभं राहायचं आणि रोज प्रत्येक ताटाचा फोटो ग्रुपवर टाकायचा. अशी सेंटरं आता गावोगाव आहेत, जास्त सांगायला नको.

गौरीजेवणाचं मात्र सांगायला हवं. मावशी पहाटेच उठली होती. डाळ शिजवून कट निथळून घेतला, गूळ घालून पुरण घट्ट केलं, ते गरम असतानाच पुरणयंत्रातून काढलं, जायफळ किसून घातलं. मग चाळीसेक पोळ्या तिनं एकटीनं लाटल्या आणि भाजल्या. सोबत गुळवणी, कटाची आमटी, भजी, कुरडया. नैवेद्य झाला, सवाष्णी जेवल्या, पंगत उठली. सगळ्यांत शेवटी ती बसली. ताटात एक पोळी, तिच्यावर तूप, वाटीभर आमटी आणि काकडीची कोशिंबीर. नियम होता म्हणून पहिला घास घ्यायच्या आधी तिनं फोटो काढून पाठवला. ग्रुपमधल्या निदान दोघींनी त्या दिवशी पोळ्या खाल्ल्या आणि आदल्या दिवशीच्या सॅलडचा फोटो टाकला, हे तिला नंतर त्यांच्याच तोंडून कळलं. बोलणी खाल्ली ती खरा फोटो टाकणारीनं.

आणि बोलणी तरी बरोबर होती का? हिशेब मांडून बघू. तिला आखून दिलेला आहार हजार कॅलरींचा होता. तिच्या वयाच्या, वजनाच्या आणि हालचालीच्या बाईला दिवसाला साधारण सतराशे लागतात. म्हणजे रोजची तूट सातशेची, आठवड्याची जवळपास पाच हजारांची. तूप घातलेली एक पुरणपोळी धरा साडेतीनशे, फार तर चारशे. पोळीनं खर्च झाली ती अर्ध्या दिवसाची तूट. उरलेले साडेसहा दिवस जागच्या जागी होते. आठवडा वाया गेला हे गणित कुठल्याच पद्धतीनं सुटत नाही आणि ते एका गणिताच्या शिक्षिकेला सुनावलं गेलं. तिनं त्या दिवशी हिशेब केला नाही, कारण तिला शरम वाटत होती. शरमेत माणसाला दोन आणि दोनची बेरीजही सुचत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काटा एक किलो वर गेला आणि तिची खात्रीच पटली. खरं तर शंभर-सव्वाशे ग्रॅमच्या दोन-तीन पोळ्या खाल्ल्या तरी त्यांतून किलोभर चरबी तयार होण्याचा कुठला मार्गच नाही. किलोभर चरबीला साधारण ७,७०० कॅलरी लागतात. गरजेपुरतं सगळं जेवण करून त्यावर वीसेक पोळ्या खाव्या लागतील. वाढलं होतं ते पाणी. बरेच दिवस भात-पोळी बंद ठेवली की यकृतातला आणि स्नायूंतला ग्लायकोजेनचा साठा उतरतो. एक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर तीनेक ग्रॅम पाणी बांधलेलं असतं, तेही जातं. पहिल्या आठवड्यात काटा झपकन खाली येतो त्यात मोठा वाटा या पाण्याचा असतो. पुन्हा पोळी आणि आमटीतलं मीठ पोटात गेलं की ते परत येतं, दोन-तीन दिवसांत ओसरतंही. सोमवारच्या वजनावरून बायकांना रागावणाऱ्यांना एवढं तरी ठाऊक असायला हवं.

पुढं जे झालं ते पोळीमुळं झालं नाही, मेसेजमुळं झालं. आठवडा गेलाच आहे म्हटल्यावर संध्याकाळी उरलेल्या दोन पोळ्या, दुसऱ्या दिवशी गुळवणीत कुस्करून आणखी एक, मग डब्यातले लाडू. आपल्याकडं ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ म्हणतात ते हेच. हर्मन आणि मॅक या मानसशास्त्रज्ञांनी १९७५ साली हे प्रयोगातून दाखवलं. विद्यार्थिनींना आधी मिल्कशेक दिला आणि मग चव घेण्याच्या निमित्तानं हवं तेवढं आइस्क्रीम खायला दिलं. एरवी मोकळेपणानं जेवणाऱ्या मुलींनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं. सतत खाण्यावर बंधन घालणाऱ्या मुलींनी उलट जास्त खाल्लं. बंधन मोडलंय असं एकदा वाटलं की पोट भरल्याची खूण मन मानत नाही.

त्या तीन महिन्यांत मावशीला एक नवीन सवय लागली होती. रात्री अकराला ती यूट्यूबवर खव्याच्या पोळ्यांचे आणि बालूशाहीचे व्हिडिओ बघत बसायची. घरातल्यांना गंमत वाटायची. मला मात्र मिनेसोटा आठवायचं. १९४४-४५मध्ये ॲन्सेल कीज यांनी तिथल्या विद्यापीठात ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. दिवसाला साधारण १,५७० कॅलरी, म्हणजे मावशीच्या तक्त्यापेक्षा बऱ्याच जास्त. वजन चतुर्थांशानं उतरलं, आणि ती मुलं पाककृतींची पुस्तकं वाचायला लागली, एकेक घास घोळवत जेवण लांबवायला लागली. प्रयोग संपल्यावर कितीही खाल्लं तरी त्यांची भूक भागेना. निवडून घेतलेली, धडधाकट, ध्येयानं आलेली माणसं होती ती. त्यांना कोणी मनावर ताबा नाही म्हणायचं?

सेंटर संपलं तेव्हा मावशीचं वजन अकरा किलोंनी उतरलं होतं. तिचा आधीचा आणि नंतरचा फोटो सेंटरच्या भिंतीवर लागला. पुढच्या वर्ष-दीड वर्षात अकराचे अकरा किलो परत आले, वर दोन आणखी. तो फोटो कोणी लावला नाही. सेंटरनं तिला नवीन पॅकेज सुचवलं.

हे एकट्या मावशीचं दुखणं नाही. अमेरिकेतल्या ‘द बिगेस्ट लूझर’ या टीव्हीवरच्या स्पर्धेतल्या १४ जणांचा संशोधक केव्हिन हॉल यांनी पाठपुरावा केला, तो अभ्यास २०१६मध्ये आला. स्पर्धेत सरासरी ५८ किलो घटले होते, सहा वर्षांत ४१ किलो परत आले. त्याहून विदारक म्हणजे त्यांचं शरीर विश्रांतीत असताना, त्या वजनाच्या माणसाकडून अपेक्षित असतात त्यापेक्षा दिवसाला जवळपास ५०० कॅलरी कमी जाळत होतं, तेही सहा वर्षांनंतर. मेलबर्नच्या २०११मधल्या अभ्यासात कडक आहारानं वजन उतरवलेल्या लोकांच्या रक्तात, वर्ष उलटलं तरी भुकेचं संप्रेरक चढलेलं आणि तृप्तीची उतरलेली आढळली. दुष्काळ पडलाय असं समजून शरीर कणगी भरू पाहतं. त्याला तुमच्या पॅकेजशी घेणं-देणं नसतं.

मग डाएट करूच नये का? मेसेजच्या रागात मी बरेच दिवस हेच बोलत फिरायचो. पण मावशीची फाइल पुढ्यात घेतली की तसं म्हणवत नाही. सेंटरला जाण्याआधी तिचं एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेची तीनेक महिन्यांची सरासरी, ८.१ होतं, तीन महिन्यांनी ६.६ आलं. गुडघ्यांना तर तेव्हा इतका आराम पडला की ती गणपतीच्या देवळापर्यंत चालत जायची. ब्रिटनमधला ‘डायरेक्ट’ नावाचा अभ्यास २०१७ला प्रसिद्ध झाला. त्यात ३०६ मधुमेही होते. अर्ध्यांना तीन ते पाच महिने दिवसाला ८२५ ते ८५३ कॅलरींचा पातळ आहार दिला. वर्षाअखेर त्यातल्या ४६ टक्क्यांची साखर गोळ्यांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होती, दुसऱ्या वर्षाअखेर ३६ टक्क्यांची. मावशीच्या तक्त्यापेक्षाही हा आहार कडक. पण तिथं मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या पहिल्याच दिवशी थांबवल्या होत्या, नंतर जेवण टप्प्याटप्प्यानं सुरू केलं आणि पुढं दोन वर्षं दर महिन्याला भेटीगाठी ठेवल्या. मावशीच्या गोळ्यांबद्दल सेंटरमध्ये कोणी विचारलंही नाही. ती साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी घेत होती. जेवण निम्म्यावर आणि गोळी पूर्ण, अशानं एके दुपारी तिला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले. घरात ग्लुकोज पावडर होती म्हणून निभावलं. ज्यांना गोळ्या किंवा इन्शुलिन चालू आहे त्यांनी कुठलाही कडक आहार सुरू करण्याआधी आपल्या डॉक्टरांना सांगावं. एवढं माझं ऐकाच.

आता काकांबद्दल, म्हणजे मावशीच्या यजमानांबद्दल. काका सडपातळ, पँटला पट्टा लागतो असे. त्यांनाही मधुमेह आहे, मावशीपेक्षा जुना आणि आकड्यांनी जास्त. गौरीजेवणाला त्यांनी तीन पोळ्या खाल्ल्या, वाढणारीनं चौथीचा आग्रह केला. कोणी एक शब्द बोललं नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांच्याबरोबर स्वतःचाच फोटो ‘लॅन्सेट’मध्ये छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, एकच, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. बाहेरून बारीक, आतून चरबी, हे आपल्याकडच्या कितीतरी लोकांचं शरीर. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात दहा कोटींवर मधुमेही आहेत आणि गोव्यात तर प्रौढांमधलं प्रमाण २६.४ टक्के निघालं. ते सगळे काही जाडजूड नाहीत. पण ताटातली पोळी हिशेबात धरली जाते ती जाड बाईच्याच. काकांच्या तीन पोळ्यांचा राग मला नाही, मावशीच्या एकीवर झालेल्या कांगाव्याचा आहे.

शेवटी मिरजेतल्या एका आहारतज्ज्ञ मुलीनं तिला वेगळाच प्रश्न विचारला. सणाला काय खाता हे राहू द्या, रोज काय खाता? तेव्हा चहा निघाला. सेंटर सुटल्यावर जुना चहा परत आला होता. दिवसातून पाच कप, दर कपाला दोन चमचे साखर, सोबत मारीची दोन-तीन बिस्किटं किंवा खारी. चमच्यात पाच ग्रॅम धरली तर पन्नास ग्रॅम साखर चहातूनच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४मध्ये दिवसाला वीस-पंचवीस ग्रॅमची मर्यादा सांगितली आहे. हलकी म्हणून खाल्ल्या जाणाऱ्या मारीतही वजनाच्या साधारण पाचवा हिस्सा साखरच असते. पुरणपोळी वर्षातून चार-पाच वेळा होते. चहा रोज होतो, आणि त्याला कोणी गोडधोड म्हणत नाही.

साखर एकदम बंद करायला त्या मुलीनं सांगितलं नाही. आधी दोन कप कमी, मग प्रत्येकात एक चमचा, मग अर्धा. बिस्किटांच्या जागी फुटाणे. भाकरी परत आली. आणि सणाला पोळी खायची, ताटात बसून, पण आधी कोशिंबीर आणि आमटी घ्यायची. मावशीनं गणिताच्या वहीत ग्लुकोमीटरचे आकडे लिहायला सुरुवात केली. नुसता ताटभर आमटी-भात खाल्ला की दोन तासांनंतरचा आकडा दोनशेच्या वर जायचा. कोशिंबीर-आमटीनंतर एक पोळी खाल्ली तेव्हा तो एकशे सत्तरच्या आसपास राहिला. हा तिच्या अंगाचा हिशेब आहे, दुसऱ्याचा वेगळा येईल.

गोड खाऊन वजन राखता येतं का, याचा तेल अवीवच्या डॅनिएला याकुबोविच यांनी १९३ लठ्ठ व्यक्तींवर अभ्यास केला होता, २०१२चा. एका गटाला छोटी न्याहारी, दुसऱ्याला सहाशे कॅलरींची भरपेट न्याहारी, तिच्यात केक किंवा चॉकलेटसारखा गोड पदार्थ. दिवसाच्या एकूण कॅलरी दोन्हीकडं सारख्या. सोळा आठवड्यांनंतर घट जवळपास सारखीच होती. त्यानंतरच्या सोळा आठवड्यांत पहिल्या गटाचं बरंचसं वजन परत आलं, गोड खाणाऱ्यांचं आणखी उतरलं. त्या न्याहारीत प्रथिनंही जास्त होती, त्यामुळं सगळं श्रेय केकला देता येत नाही. पण ठरवून खाल्लेलं गोड आणि चोरून खाल्लेलं गोड यांत फरक पडतो, हे मावशीच्या घरी बघितल्यावर मला त्यात नवल वाटलं नाही. तरीही हल्ली ‘सगळं खा, थोडं खा’ म्हणणाऱ्यांचंही मला पूर्ण पटत नाही. बर्फी घरात असली की मावशीला एका वडीवर थांबता येत नाही, ती स्वतःच सांगते. म्हणून बर्फी घरात येत नाही. पोळीवर थांबता येतं, म्हणून पोळी राहिली.

सध्या तिचं वजन पंच्याहत्तर किलो आहे आणि वर्षभर तिथंच आहे. एचबीएवनसी ७.१. गुडघे अधूनमधून दुखतात. २०२५च्या मार्चपासून वजन उतरवणारं टिर्झेपटाइडचं इंजेक्शन भारतात मिळू लागलं, तेव्हा तिनं डॉक्टरांना विचारलं. त्यांनी सेमाग्लुटाइड या त्याच घराण्यातल्या औषधाचा अनुभव सांगितला. अडुसष्ट आठवड्यांत वजन सरासरी १५ टक्के उतरलं, आणि औषध थांबवल्यावर वर्षभरात त्यातलं दोन तृतीयांश परत आलं. मावशीनं महिन्याचा खर्च विचारून घेतला, पेन्शनशी ताडून बघितला आणि पुढच्या रिपोर्टनंतर ठरवू म्हणाली.