भागिले पंचवीस

परवा शनिवारी सकाळी कॉलेज रोडवर मिसळ चापून घरी येऊन आडवा झालो होतो, तोच टोरांटोहून मामीचा फोन. तिकडे शुक्रवारची रात्र. माझी मामेबहीण टोरांटो युनिव्हर्सिटीत लाइफ सायन्स शिकतेय आणि तिला अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांना अर्ज करायचाय. मामी अगदी रडकुंडीला आलेली.

"अरे, हिची सरासरी ब्याऐंशी टक्के. आणि तिकडे प्रवेश मिळालेल्या पोरांचा जीपीए चारपैकी ३.७ च्या पुढे असतो म्हणे. मी हिशेब केला, हिचा ३.२८ च येतो. तू इंजिनिअर ना, बघ जरा!"

"मामी, हिशेब कसा केलास?"

"कसा म्हणजे? शंभराचे चार करायचे. भागिले पंचवीस."

माझ्या पोटात गोळाच आला. हा भागाकार मी एकदा केला होता. त्याबद्दल पुढे सांगतो. आधी मामीचं काम.

तर गंमत अशी, की टोरांटोत ८० ते ८४ मार्क म्हणजे ए मायनस, आणि ८५ च्या पुढे ए. अमेरिकेत मात्र बऱ्याच ठिकाणी ए साठी ९० च्या पुढे लागतात आणि ८२ म्हणजे बी मायनस. मग बिचाऱ्या कॅनडाच्या पोरांचं काय होणार? काही नाही. तिकडच्या मेडिकल कॉलेजांचे बहुतेक अर्ज 'अ‍ॅमकास' नावाच्या एकाच यंत्रणेतून जातात. ही यंत्रणा टक्क्यांना भागत बसत नाही. ती कॅनडातले मार्क तिथल्याच श्रेणीनुसार बघते. ए म्हणजे ४.०, ए मायनस म्हणजे ३.७, बी प्लस ३.३, बी ३.०. म्हणजे ८२ चे झाले ३.७!

पण हेही सरासरीवर करायचं नाही, एकेका विषयावर करायचं. समजा एकीला सगळ्या विषयांत ८२ आहेत. तिचा जीपीए ३.७. दुसरीला निम्म्या विषयांत ९० आणि निम्म्यांत ७४. तिचीही सरासरी ८२ च, पण जीपीए ३.५. ८४ आणि ८५ मध्ये एका मार्काला ०.३ चा फरक, आणि ८५ आणि ९८ मध्ये काहीच नाही. त्यात जीवशास्त्र, रसायन, भौतिक आणि गणित यांचा जीपीए वेगळा काढतात. दुपारभर एक्सेलमध्ये बसून बहिणीचे सगळे विषय भरले. ३.६६ आला. म्हणजे शर्यतीत आहे. एमकॅट चांगली द्यावी लागेल, पण शर्यतीत आहे. मामीला कळवलं तेव्हा टोरांटोत पहाट होती. झोपलीच नव्हती ती.

आता माझी गोष्ट.

मी २०१८ साली इथूनच, नाशिकच्या एका कॉलेजातून बी.ई. झालो. युनिव्हर्सिटी पुण्याची, पॅटर्न २०१२ चा, म्हणजे निकाल टक्क्यांत. मला ६७.४ टक्के पडले. ६६ ला डिस्टिंक्शन होतं. बाबांनी गल्लीभर पेढे वाटले. महिन्याभराने, अमेरिकेत एम.एस. करावं म्हणून मी कॅल्क्युलेटर काढला. ६७.४ भागिले २५. उत्तर २.७. बहुतेक ठिकाणी किमान ३.० मागतात. मी कॅल्क्युलेटर मिटला. घरी म्हटलं, "एवढा खर्च कशाला? नोकरी करतो." बाबांना ते समजूतदारपणाचं वाटलं. मीही हळूहळू तेच खरं मानायला लागलो.

पंचवीसने भागताना आपण गृहीत धरतो, की तिकडचा शून्य म्हणजे इकडचा शून्य आणि तिकडचे चार म्हणजे इकडचे शंभर. पुण्याच्या इंजिनिअरिंगला एम-थ्रीच्या पेपरात शंभर कुणी पाहिलेत? मे महिन्यात नाशिकला ४० डिग्री असतं. ते फॅरनहाइटमध्ये सांगायचं तर १०४. कुणी नुसतं "४०" म्हणून सांगितलं तर अमेरिकन माणूस स्वेटर काढेल!

मास्टर्ससाठी आपल्या मार्कशीटचं मूल्यमापन करणाऱ्या 'वेस'सारख्या संस्था आपला फर्स्ट क्लास, म्हणजे साठच्या वरचे मार्क, साधारणपणे ए धरतात. तेही विषयागणिक. परवा बहिणीचं एक्सेल मिटल्यावर मी माझीही जुनी मार्कशीटं काढली. रात्री अकराला बेरीज झाली. ३.५ च्या आसपास.

थोडा वेळ नुसता बसून राहिलो.

आणि सगळ्यात कहर काय, तर त्यांच्या कितीतरी अर्जांवर स्पष्ट लिहिलेलं असतं की गुण तुमच्या मूळ पद्धतीतच भरा, स्वतः रूपांतर करू नका. मी अर्ज उघडलाच नव्हता. मला कुणीही नाकारलं नव्हतं. माझा मीच भागाकार केला आणि माझा मीच नापास झालो.

बरं, एम.एस. झालं असतं तर मी कोण झालो असतो वगैरे काही म्हणायचं नाहीये. कर्ज फिटलं असतं का, व्हिसाचं काय झालं असतं, कोण जाणे. इथे बरं चाललंय. फक्त ते "नाही" मी चुकीच्या गणितावरून म्हटलं होतं, हे मला परवा कळलं.

आता आपल्याकडे टक्के जाऊन दहापैकी सीजीपीए आलाय. तरी ऑफिसमधला एक फ्रेशर परवाच मला म्हणाला, "सर, माझा ७.८ आहे, गुणिले ०.४ केलं तर ३.१ च होतो..." गुणिले ०.४ म्हणजे तेच, नाव बदललेलं भागिले पंचवीस. त्याला खुर्चीत बसवलं आणि म्हटलं, "कॅल्क्युलेटर ठेव. आधी अर्ज उघड."

असो. बहिणीचा अर्ज उन्हाळ्यात जाईल. मामीने पेढ्यांचं कबूल केलंय, तेही नाशिकला येऊन. बघू.